आपली साडेतीन हात जागा

(२८ मे या आंतरराष्ट्रीय स्त्री-आरोग्य कृती दिनानिमित्त वस्तीपातळीवर काम करणाऱ्या महिला गटांचे एक दिवसाचे शिबिर झाले. त्यात एका फिजिओथेरपिस्ट कार्यकर्तीने केलेले हे भाषण, थोडे संपादन करून देत आहोत. – संपादक गट)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'साथीच्या काळातला व्यायाम : पिलाटीज' असा छापला आहे. तो वाचून तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असणार, आणि ते साहजिकच आहे. आपल्या बैठकांत रेशन, पाणी, दारू, मारहाण, पोटगी हे विषय असतात. त्यात हे पिलाटीज म्हणजे सिनेमातल्या नट्यांचं, एसी स्टुडिओतलं खूळ वाटतं. शिवाय कोरोनाची आणीबाणी उठल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केलं. मग आता ती मढी उकरायची कशाला?

मला दोन कारणं दिसतात. एक, साथ पुन्हा येणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. दुसरं, त्या दोन वर्षांत बायकांच्या शरीरांनी जे सोसलं त्याचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही. माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या बायकांच्या पाठीत, मानेत, गुडघ्यांत ती दोन वर्षं अजून बसलेली आहेत. म्हणून आज मी व्यायामाबद्दल बोलणार आहे. पण बोलता बोलता घरातल्या जागेबद्दल आणि वेळेबद्दल बोलावं लागेल, कारण बाईच्या व्यायामाचा प्रश्न शेवटी तिथेच येऊन अडतो.

साथ आली की काम कुणाचं वाढतं?

आधी हिशेब. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली, म्हणजे कोरोनाच्या आदल्या वर्षी, देशभर 'वेळेचा वापर' कसा होतो याची पाहणी केली. दिवसभरात काही ना काही बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका निघाल्या शंभरात ८१, आणि पुरुष शंभरात २६. हे काम करणाऱ्या बाईची सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात. म्हणजे रोज पाच तास. पुरुषाची जातात ९७ मिनिटं. २०२४ साली हीच पाहणी पुन्हा झाली. तेव्हा बाईची मिनिटं २८९ आणि पुरुषाची ८८ भरली. बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषानेही आपली नऊ वाचवून घेतली!

या दोन पाहण्यांच्या मध्ये टाळेबंदी आली. २४ मार्च २०२० ला रात्री घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे घरात. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसं, चोवीस तास. दोन वेळचा स्वयंपाक चार वेळचा झाला. बाहेरून आणलेली प्रत्येक वस्तू धुवायची, कपडे रोज उकळत्या पाण्यातून काढायचे, मुलांची शाळा मोबाईलवर, आजारी माणूस पडद्याआड. घरकामगार बायकांची कामं तर एका दिवसात गेली. हातातला पैसा थांबला, पण हात थांबले नाहीत.

हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्चला गेल्या. १९१८ सालचा इन्फ्लुएन्झा आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'मानमोडी' म्हणून राहिला होता. त्यात हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि त्यांत बायकांचं प्रमाण जास्त होतं. त्या आधीच अर्धपोटी असायच्या, आणि आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याच गळ्यात असायची. कोरोनात आशाताई दारोदार फिरल्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, चांगलंच झालं. पण गौरवाने पाठ दुखायची थांबत नाही आणि मानधनाचा प्रश्नही सुटत नाही. साथीत समाज बाईच्या शरीरावर उभा राहतो. त्या शरीराची निगा कोण राखणार, हे मात्र कुठल्याच आदेशात लिहिलेलं नसतं.

'घरकाम केलं की झाला व्यायाम!'

हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. नवरा म्हणतो, सासू म्हणते, टीव्हीवरचे तज्ज्ञसुद्धा म्हणतात. लादी पुसा, कपडे धुवा, वेगळ्या व्यायामाची गरजच काय! या वाक्याला आज नीट उत्तर देऊ.

घरकामात शरीर हलतं, दम लागतो, हे खरं. पण ते हलतं कसं, ते बघा. विळीवर बसलात की पुढे वाकलेल्या. कपडे धुताना, लादी पुसताना, पोळ्या लाटताना, मूल अंगावर घेताना, सगळीकडे पुढेच वाकलेल्या. खांदे पुढे, मान पुढे, छाती दबलेली. दिवसभरात पाठ मागे ताणायची, छाती उघडायची एक तरी हालचाल होते का? दोरीवर कपडे घालताना तेवढी होत असेल. हंडा एकाच कमरेवर, मूल एकाच कडेवर. म्हणजे काही स्नायू राबून राबून आखडतात, आणि पोटाचे, ओटीपोटाच्या तळाचे, पाठीच्या मण्यांना धरून ठेवणारे आतले स्नायू वापराविना ढिले पडतात. घरकामाला शरीर लागतं, पण शरीराला काय लागतं हे घरकाम विचारत नाही.

दुसरा फरक याहून मोठा आहे. घरकामात मन दुधावर असतं, मुलावर असतं, दाराच्या कडीवर असतं. व्यायामात ते स्वतःच्या अंगावर आणायचं असतं. अर्धा तास मी फक्त माझ्या श्वासाकडे आणि मणक्याकडे बघणार, हे आपल्यापैकी किती जणींनी लग्नानंतर एकदा तरी केलंय?

आपल्याकडे बायकांच्या अंगाला मोकळीक नव्हतीच असं नाही. मंगळागौरीच्या रात्री फुगडी, झिम्मा, पिंगा, बसफुगडी असे खेळ चालायचे. मांड्या, पोटऱ्या, पाठ, दम, सगळ्याचा कस लागायचा, आणि हसू यायचं. पण ती मोकळीक श्रावणातली, देवाच्या नावाची, आणि फक्त सवाष्णींची. विधवा बाईच्या पाठीला ती रात्रही मिळत नसे. आपल्याला ती वर्षभर हवी आणि सगळ्यांसाठी हवी.

कैदेत वाढलेला व्यायाम

आता पिलाटीज. हे एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटीज १८८३ साली जर्मनीतल्या मोन्शनग्लाडबाख गावी जन्मला. लहानपणी तो दम्याने आणि मुडदुसाने बेजार होता, असं तो स्वतः सांगायचा. पुढे तो इंग्लंडमध्ये होता. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि इंग्लंडमधल्या जर्मन पुरुषांना शत्रू ठरवून छावण्यांत डांबण्यात आलं. पिलाटीजची रवानगी आयल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकालो छावणीत झाली. वीस हजारांहून जास्त कैदी तिथे लाकडी बराकींत राहत होते. तिथे त्याने जमिनीवर झोपून, बसून करायचे व्यायाम घडवले आणि बरोबरच्या कैद्यांकडून करून घेतले. त्या पद्धतीला तो 'कंट्रोलॉजी' म्हणायचा, म्हणजे शरीरावर मनाचा ताबा. १९२६ साली तो अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमध्ये त्याने व्यायामाची जागा काढली आणि १९४५ साली ३४ व्यायामांचं पुस्तक छापलं.

मला या पद्धतीबद्दल आपुलकी वाटते ती एवढ्यासाठी. हिची मुळं कैदेत आहेत. माणूस झोपला तर जेवढी जागा लागते तेवढ्यात ती करता येते. आपल्याकडे शरीराला साडेतीन हात म्हणतात ना, बस, तेवढीच जागा. टाळेबंदीत बायकांना जे उपलब्ध नव्हतं, म्हणजे रस्ता, बाग, मैदान, मैत्रिणी, त्यातलं काही तिला लागत नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. पिलाटीजबरोबर एक गोष्ट नेहमी सांगतात की, १९१८ च्या साथीत त्याच्या छावणीत व्यायाम करणारा एकही कैदी दगावला नाही. कोरोनात ही गोष्ट पुन्हा जोरात फिरली. तिला पुरावा नाही. व्यायामाने विषाणू अडत नाही. तो अडवायला मास्क, खेळती हवा, लस आणि चालू स्थितीतलं सरकारी रुग्णालय लागतं. 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून काढे, गोळ्या आणि आसनं विकणाऱ्यांनी त्या काळात बरीच दुकानं चालवली. आपण त्यातलं एक उघडायचं नाही.

मग व्यायामाने होतं काय? तेवढंच सांगते जेवढं ठामपणे सांगता येतं. कंबरदुखीवर पिलाटीजने फायदा होतो. कोक्रेन या संस्थेने २०१५ साली तोवरचे अभ्यास तपासून सांगितलं की काहीच न करण्यापेक्षा किंवा जेमतेम उपचारांपेक्षा पिलाटीजने दुखणं कमी होतं आणि हालचाल सुधारते. पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं काही दिसलं नाही. म्हणजे तुम्ही योगासनं करत असाल तर सोडू नका. खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब जाणं हा त्रास लाखो बायका तोंड मिटून सोसतात. त्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हा पहिला उपाय मानतात, आणि पिलाटीजमध्ये तो प्रत्येक श्वासाबरोबर होतो. अंग बाहेर येण्याचा त्रास सुरुवातीचा असेल तर त्यातही या व्यायामाची मदत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. पिलाटीज या ताकदीच्या खात्यात जमा होतं. त्यामुळे भरभर चालणं वेगळं लागतंच.

फोनवरची तालीम

२०२० च्या एप्रिलपासून आमच्या गटाने काय केलं ते सांगते. आम्ही गटातल्या बायकांना तब्येत विचारायला फोन करत होतो. प्रत्येकीचं एकच. पाठ, मान, झोप नाही, छातीत धडधड. व्हिडिओ पाठवावा तर मोठा मोबाईल नवऱ्याकडे किंवा मुलाच्या शाळेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या आकड्यांप्रमाणे देशात स्वतः वापरता येईल असा मोबाईल १०० पैकी ५४ बायकांकडेच होता, आणि तोही बहुतेक वेळा साधा. मग आम्ही साध्या फोनवर पाच-पाच जणींना जोडून घ्यायचं ठरवलं. वेळ दुपारी साडेतीनची, कारण तेव्हा पाणी येत नाही, स्वयंपाक नसतो आणि घरातले पुरुष लवंडलेले असतात. फोन स्पीकरवर ठेवून मी आकडे मोजायची. दिसत कुणीच नव्हतं. त्यामुळे प्रत्येक हालचाल शब्दात सांगावी लागायची, आणि ज्या तिकडून म्हणायच्या "ताई, इथं ताण येतोय", त्यांचे शब्द पुढच्या वेळी मी वापरायची. तसेच आज सांगते.

पहिला श्वास. ओढणी किंवा टॉवेल बरगड्यांभोवती गुंडाळा आणि टोकं समोर धरा. नाकाने श्वास घ्या, तो पोटात न भरता बरगड्यांच्या बाजूंना आणि पाठीत भरा, ओढणी ताणली गेली पाहिजे. तोंडाने हळू सोडा, चहावर फुंकर घालतो तसा. सोडताना बेंबी हलकेच पाठीकडे घ्या. असं दहा वेळा.

दुसरा ओटीपोटाचा तळ. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरतो तसं आतून वर उचला. ढुंगण आवळायचं नाही, दम कोंडायचा नाही. पाच आकडे धरा, पाच आकडे सोडा. सोडणंही धरण्याइतकंच महत्त्वाचं आहे. लघवी करताना मात्र हा सराव करू नका.

तिसरा पूल. उताणं झोपून गुडघे उभे, पावलं जमिनीवर. श्वास सोडत आधी कंबर जमिनीला टेकवा, मग माकडहाडापासून एकेक मणका वर उचला. गुंडाळलेली चटई उलगडते तशी पाठ पुन्हा एकेक मणक्याने खाली ठेवा. पाच वेळा, घाई नाही.

चौथा पालथं झोपून. हात डोक्याशी, कपाळ जमिनीवर. श्वास घेत डोकं आणि छाती चार बोटं वर उचला, नजर जमिनीकडेच. दिवसभराच्या वाकण्याला हे उत्तर आहे. हे भुजंगासनाचं धाकटं भावंड समजा.

पाचवा 'शंभर', हा पिलाटीजचा सगळ्यात प्रसिद्ध व्यायाम. उताणं झोपून हात अंगाशी सरळ, आणि ते थोडेसेच वरखाली हलवायचे. पाच हेलकाव्यांना श्वास आत, पाच हेलकाव्यांना बाहेर, असे दहा फेरे, म्हणजे शंभर. मूळ प्रकारात डोकं आणि पाय वर असतात. आपण डोकं खाली आणि पावलं जमिनीवर ठेवूनच सुरू करायचं.

ज्यांना झोपायला जागाच नव्हती त्यांच्यासाठी भिंत होती. भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं आणि हनुवटीपासून एकेक मणका सोडत, हात लोंबकळत, झेपेल तितकंच खाली जायचं आणि तसंच परत यायचं. एक मैत्रीण मोरीच्या कठड्यापाशी उभी राहून करायची. तिच्या घरात रिकामी भिंत तेवढीच होती.

आणि आता कुणी थांबायचं तेही ऐका. कोरोना होऊन गेल्यावर छातीत दुखणं, धडधड, चक्कर, बोलताना दम लागणं असेल तर आधी डॉक्टर. काही जणींना आजारानंतर महिनोन्महिने असं होतं की आज जरा जास्त केलं की उद्या-परवा अंथरूण धरावं लागतं. त्यांनी 'जोर लावून बरी होईन' असं म्हणायचं नाही. त्यांना विश्रांती हेच औषध, आणि घरच्यांनी तो आळस समजू नये. पाळी थांबलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बायकांनी पुढे वाकण्याचे, पाठ गोल करण्याचे प्रकार टाळावेत, म्हणजे मघाचा भिंतीचा प्रकारही नको. गरोदरपणी शेवटच्या महिन्यांत फार वेळ उताणं झोपू नये. बाळंतपण, पोटाचं ऑपरेशन यानंतर डॉक्टरला विचारून सुरू करा. पाळीत मात्र कसलीही बंदी नाही, अंगाला सोसेल तेवढं करा.

आणखी एक. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी आहेत. त्याच पाहणीत हा आकडा ५४ टक्के आहे. पोटात नसेल तर व्यायाम म्हणजे दुष्काळात बैल जुंपण्यासारखं. त्यामुळे रेशन, अंगणवाडीचा आहार, लोहाच्या गोळ्या यासाठीची आपली भांडणं आणि हा व्यायाम एकाच कामाची दोन टोकं आहेत.

बारीक होण्यासाठी नाही

पिलाटीजच्या नावाने आज मोठा बाजार उभा आहे. सपाट पोट, उंच बांधा, महागडी यंत्रं, महिन्याची भरमसाट फी. टाळेबंदीत तर 'घरी बसून जाड होऊ नका' म्हणून बायकांच्या मागे हा बाजार हात धुऊन लागला होता. जगभर माणसं मरत होती आणि आपल्याला कमरेच्या घेराची लाज वाटावी अशी अपेक्षा होती. म्हणून आमच्या फोनच्या वर्गात वजनाचा विषय काढायचा नाही असा पहिल्या दिवसापासून नियम होता. विचारायचं ते इतकंच : झोप लागली का? हंडा उचलताना कळ आली का? खोकताना थेंब गेला का?

या बाजाराला सांगण्यासारखी एक चांगली बातमीही आहे. 'पिलाटीज' हे नाव आपल्याच मालकीचं आहे असा दावा अमेरिकेत एकाने केला होता. २००० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो फेटाळला. हा एका व्यायामपद्धतीचा शब्द आहे, योगासारखा, कराटेसारखा, त्याच्यावर कुणाची मालकी नाही. म्हणजे तो आपलाही आहे.

आणि एक नाव लक्षात ठेवा, क्लारा. जोसेफची सोबतीण. न्यूयॉर्कच्या त्या जागेत ती त्याच्याबरोबरीने शिकवत होती. १९६७ साली तो गेला, त्यानंतर तिने ते काम पुढे चालू ठेवलं. १९७७ साली ती गेली. पद्धतीला नाव मात्र त्याचंच. हे ऐकून आपल्यापैकी कुणाला नवल वाटणार नाही!

अर्धा तास कुणाच्या मालकीचा?

आता मूळ मुद्द्याकडे येते. आमच्या वर्गात सुरुवातीला अकरा जणी होत्या. तीन आठवड्यांत सहा उरल्या. व्यायाम अवघड म्हणून एकही गेली नाही. एकीच्या घरी चटई पसरली की कुणीतरी चहा मागायचं. एकीचा नवरा म्हणाला, "दिवसाढवळ्या बाईमाणूस असं आडवं पडतं, बरं दिसतं का?" ती म्हणाली, "तुम्ही मार्चपासून आडवेच आहात, मी काही बोलले का?" ती टिकली. एकीची सासू आधी कुरकुरायची. मग एक दिवस फोनमधून तिचाच आवाज आला, "ते गुडघ्याचं पुन्हा सांग गं." त्या दोघी पुढे जोडीने करायला लागल्या, आणि साडेतीनला त्या घरात चहा मागायची कुणाची हिंमत राहिली नाही.

सगळंच असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. टाळेबंदीत घरातल्या मारहाणीच्या तक्रारी वाढल्या. एप्रिल २०२० मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाला व्हॉट्सअॅपवर तक्रारी घ्यायची सोय करावी लागली. पण मारणारा चोवीस तास उशाशी असताना तक्रारीचा फोन करायचा कसा? व्यायामाच्या फोनवर कुणाला संशय येत नव्हता. म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. सलग दोन दिवस जी येणार नाही तिच्याकडे कुणीतरी जायचं. आणि 'पाठ धरलीय' असं कुणी म्हणालं तर पाठ धरलेली नाही, मदत हवी आहे असं समजायचं.

ते शब्द एकदा ऐकू आले. जुलै महिना होता. दहा हेलकावे मोजून झाले होते आणि तिकडून अगदी सपाट आवाजात एकजण म्हणाली, "माझी पाठ धरलीय." बाकीच्यांना कळलं. मी मोजत राहिले, त्या करत राहिल्या, फोन तोडला नाही. आमची कार्यकर्ती तासाभरात रेशनची पिशवी घेऊन तिच्या दारात होती. त्या रात्री ती आणि तिची मुलगी बहिणीकडे झोपल्या. पुढे केस झाली, ती अजून चालू आहे. ती आता वर्ग घेते.

मी हे सांगते ते व्यायामाने मारहाण थांबते म्हणून नव्हे. ती थांबत नाही. पण रोज ठरलेल्या वेळी चारचौघी एकमेकींच्या श्वासाचा आवाज ऐकत असतील तर त्यातली एक गप्प झालेली लगेच कळते. आणि जी बाई घरात रोज अर्धा तास 'हा माझा' म्हणून मागायला शिकते, तिचं मागणं अर्ध्या तासावर थांबत नाही.

आपण काय करायचं?

शेवटी कामाचं बोलू. ज्या वस्तीत आपला गट आहे तिथे आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास असा वर्ग सुरू करावा, समाजमंदिरात, अंगणवाडी सुटल्यावर तिच्या खोलीत, नाहीतर गच्चीवर. शिकवणारी बाहेरून आणायची गरज नाही. प्रत्येक गटातून दोघींनी माझ्याकडे सहा महिने शिकावं आणि पुढे शिकवावं. मी त्याचे पैसे घेणार नाही. वर्गात वजनकाटा नको. फोनची साखळी आजच तयार करून ठेवावी, साथ आल्यावर नंबर शोधत बसायला नको. सांकेतिक शब्द प्रत्येक गटाने आपापला ठरवावा. माझा मी आता सगळ्यांना सांगून टाकलाय, तो बाद!

आणि मागण्यांच्या पत्रकात हेही घाला. महापालिकेच्या आणि सरकारी दवाखान्यांत बायकांसाठी फिजिओथेरपी असावी, अंग बाहेर येणं आणि लघवीचा त्रास यांची तपासणी तिथे व्हावी, आणि समाजमंदिराची किल्ली दुपारी दोन तास बायकांच्या हातात असावी. साथीच्या काळात सरकार आदेश काढतं तेव्हा घरातल्या शुश्रूषेचं काम कोण करणार आणि तिला विश्रांती कोण देणार, याचाही विचार त्यात व्हावा.

आता चहा होईपर्यंत वीस मिनिटं आहेत. सतरंज्या मागच्या भिंतीपाशी ठेवल्या आहेत. ज्यांनी साडी नेसलीय त्यांनी पदर खोचा, चष्मे बाजूला ठेवा. एकमेकींच्या मध्ये हातभर अंतर सोडून आडव्या व्हा. लाजू नका, दार लावून घेतलंय. आधी श्वास.